पुराचा नकाशा: रेषा ठेवायच्या की ठिपके?

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचा. राजारामपुरीत एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. २०१९ आणि २०२१ ला आमच्या गावात पंचगंगेचं पाणी शिरलं. दोन्ही वेळी जो तो एकच विचारत होता: राजाराम बंधाऱ्यावर एवढे फूट झाले, मग आमच्या गल्लीत कधी येणार? म्हणून मी आणि एक सहकारी मिळून सुट्टीच्या दिवशी एक वेब-अ‍ॅप करतोय. वर फूट निवडायचे, खाली नकाशावर बुडणारा भाग निळा होतो. घरं, गल्ल्या, गट धरून सहा हजारांवर आकार आहेत. या आकारांची जिओजेसन फाइल (नकाशाचा डेटा मजकुराच्या रूपात) ११ एमबीची झाली आहे. नकाशा लीफलेट या वेब-नकाशाच्या लायब्ररीवर आहे. पाण्याची हद्द एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने घेतलेल्या) उंचीच्या डेटावरून काढली; पायऱ्या-पायऱ्या दिसत होत्या तिथे रेषा गुळगुळीत करून घेतली. लॅपटॉपवर झकास चालतं. आईच्या फोनवर मात्र झूम केलं की अडकतं, कधी ब्राउझरच बंद पडतो. सहकारी म्हणतो, व्हेक्टरच (रेषा-आकारांच्या रूपातच) ठेवायचं, पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) केलं की झूममध्ये फाटतं. माझ्या चुलतभावाचं शाहूपुरीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. तो म्हणतो, "कशाला डोकं लावताय, एकेका फुटाचं एकेक चित्र करा आणि द्या टाकून." ग्रामपंचायतीला भिंतीवर लावायला दहा बाय सहाचा फ्लेक्स हवाय, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला काहीतरी. सगळं पावसाळ्याआधी. रास्टर (ठिपके) की व्हेक्टर (रेषा), काय ते एकदा सांगून टाका.
— एक वाचक, ता. करवीर

नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. घरं, गल्ल्या, गट हे व्हेक्टरच ठेवा. फोनवर ते एसव्हीजीऐवजी कॅनव्हासवर काढा (ब्राउझरमध्ये चित्र काढायच्या या दोन पद्धती, फरक पुढे सांगते). फ्लेक्सला पीडीएफ द्या. व्हॉट्सअ‍ॅपसाठी साधं पीएनजी चित्र करा, आणि ते अगदी शेवटी. पाण्याची जी गुळगुळीत रेषा काढली आहे ती मात्र तशी कुणाला दाखवू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला तीच वाटते. तुम्ही ती एका ओळीत सांगून पुढे गेलात, मी तिच्यावर थांबणार आहे.

तुमच्यात आणि सहकाऱ्यात जो वाद चाललाय त्याची मांडणीच थोडी चुकते आहे. फोनचा पडदा ठिपक्यांचा. त्याच्यावर जे काही दिसतं ते शेवटी पिक्सेलच असतं, मग मूळ फाइल एसव्हीजी असो नाहीतर पीएनजी. आकाराचं गणित घेऊन कुठला ठिपका कुठल्या रंगाचा हे ठरवणं म्हणजे रास्टरायझेशन, आणि ते कुणाला टळत नाही. ठरवायचं इतकंच की ते कुणी करायचं आणि कधी. तुमच्या सर्व्हरवर आधीच करून ठेवलंत तर फोनचं काम हलकं होतं, पण चित्र गोठतं. फोनवर सोपवलंत तर चित्र जिवंत राहतं, पण प्रत्येक झूमला तो खर्च आईचा फोन सोसतो. चुलतभाऊ एका टोकाला उभा आहे, सहकारी दुसऱ्या, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

चुलतभावाच्या सल्ल्याचा हिशोब करून बघू. वेब-नकाशाची टाइल, म्हणजे नकाशाचा एक चौकोनी तुकडा, २५६ बाय २५६ पिक्सेलची असते आणि झूम एक पायरी वाढला की टाइल चौपट होतात. आपल्या अक्षांशावर झूम १३ ची एक टाइल साधारण ४.७ किलोमीटर बाजूची भरते. तिच्यात तुमचं गाव शिवारासकट मावतं असं धरू. झूम १३ पासून १८ पर्यंत बेरीज केली तर १,३६५ टाइल होतात. इशारा पातळी ३९ फूट. तिथून ५० फुटांपर्यंत एकेका फुटाचा वेगळा नकाशा म्हणजे बारा संच, एकूण १६,३८० चित्रं. सर्व्हर हे काम सहज करील. पण पांडू तात्या उद्या म्हणाले, "माझं घर उंचावर आहे, चुकीचं दाखवलंय," की बाराही संच पुन्हा काढा, पुन्हा चढवा, आणि ज्यांच्या फोनमध्ये जुने साठून राहिलेत त्यांचं काय करायचं ते बघत बसा. व्हेक्टरमध्ये हेच काम म्हणजे एका घराच्या नोंदीतला एक आकडा बदलणं.

आणि त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. चित्र झालं की घर घर राहत नाही. तो निळ्या रंगाचा एक पट्टा होतो. बोट लावलं की "इथे साधारण ४५ फुटांना पाणी येतं, २०२१ ला आलं होतं" असं सांगणारं काही उरत नाही. मोजणीचा नकाशा आणि त्याच शेताचा फोटो यांत जो फरक, तोच इथे आहे. फोटोत शेत जास्त खरं दिसतं, पण बांधाची लांबी विचाराल तर मोजणीच्या कागदाकडेच जावं लागतं. लोक तुमच्या अ‍ॅपला प्रश्न विचारायला येणार आहेत, त्यामुळे घरं-गल्ल्या व्हेक्टर, यात मला शंका नाही.

आता आईचा फोन का गुदमरतो ते पाहू. लीफलेट आपणहून एसव्हीजीत काढतं. त्यात तुमच्या प्रत्येक आकाराचा एकेक स्वतंत्र घटक ब्राउझरच्या झाडात (पानावरच्या सगळ्या घटकांच्या रचनेत) जाऊन बसतो. सहा हजार आकार, सहा हजार घटक. प्रत्येकाची शैली, प्रत्येकावरचा स्पर्श, प्रत्येकाची जागा, हे सगळं ब्राउझर सांभाळत बसतो आणि झूम बदलला की लीफलेट त्यांचे मार्ग नव्याने लिहितं. शे-दोनशे आकारांना हा कारभार उत्तम. काही हजार झाले की स्वस्त फोन मान टाकतो. कॅनव्हासचं तसं नाही. तिथे एकच कापड, त्यावर सगळं रंगवायचं आणि विसरायचं. लीफलेटमध्ये नकाशा तयार करताना 'प्रिफर कॅनव्हास' हा पर्याय चालू करा, एवढाच बदल आहे. कुठल्या घरावर बोट पडलं हे लीफलेट स्वतःच्या गणिताने शोधून काढतं, त्यामुळे घराची माहिती दाखवणं बंद पडत नाही. कॅनव्हासची एक उणीव मला खरंच खटकते: पडदा-वाचक (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून नकाशाच्या खाली गल्ल्यांची साधी यादी द्या, गल्लीचं नाव आणि पाणी येण्याचे फूट. ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांनाही ती उपयोगी पडेल, आणि अशी माणसं गावात पुष्कळ असतात.

पण कॅनव्हास हा अर्धाच उपाय झाला. ती ११ एमबीची फाइल एकदा मजकूर-संपादकात उघडून बघा. बहुधा अशा जोड्या दिसतील: ७४.२३८४१७२६५१९३८४७, १६.७०४९८२३१७४६५९२१. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. त्या मानाने पाचवा दशांश म्हणजे एक मीटरच्या आसपास, सहावा म्हणजे अकरा सेंटीमीटर. पंधरावा दशांश गेला अणूच्या आकारावर. तुमच्या घराचा कोपरा एवढ्या अचूकपणे कुणी मोजलेला नाही, कधी मोजणारही नाही. निर्यात करताना क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये) 'कोऑर्डिनेट प्रिसिजन' सहावर आणा. निम्म्याच्या आसपास वजन तिथेच उतरेल. वर सर्व्हरने जीझिप करून (दाबून लहान करून) पाठवलं की आणखी.

मग बिंदू कमी करा. झूम १४ ला आपल्याकडे एक पिक्सेल साधारण ९ मीटरचा असतो. अख्खं घर एक-दोन ठिपक्यांत संपतं आणि तुम्ही त्याचे वीस-वीस कोपरे काढत बसलेले असता. त्या पातळीवर घरं दाखवूच नका, फक्त गल्ल्या आणि नदी. घरं झूम १६ नंतर येऊ द्या. रेषा सोप्या करायला मॅपशेपर हे फुकट साधन वापरा, कारण ते शेजारच्या दोन गटांची सामाईक हद्द एकच रेषा म्हणून ओळखतं. एकेक आकार सुटा घेऊन सोपा केलात तर दोन गटांच्या मधे बारीक फटी पडतात किंवा एक गट दुसऱ्यावर चढतो. गावात बांधावरून काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. नकाशात आपला बांध सरकलेला दिसला की पुराची गोष्ट बाजूला राहते.

हे सगळं करून झालं की लॅपटॉपवर नका तपासू. आईच्याच फोनवर तपासा. यूएसबीने जोडून क्रोमच्या साधनांत कुठे वेळ जातोय ते दिसतं. तीच खरी कसोटी, कारण पुराच्या रात्री गावातल्या बहुतेकांच्या हातात तसलाच फोन असणार आहे, चार्ज कमी आणि नेटवर्क येऊन-जाऊन.

आता पाण्याची रेषा.

एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने घेतलेली उंची. ती मुळातच रास्टर आहे. साधारण ३० मीटरचा एक चौकोन आणि त्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा. तोही पूर्ण मीटरमध्ये. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. म्हणजे त्या डेटात ४३ फूट आणि ४४ फूट यांच्यातला फरक मुळात लिहिलेलाच नाही. वर त्यात छपरं आणि झाडं मिसळलेली असतात, आणि चूक काही मीटरपर्यंत जाऊ शकते. तुम्हाला ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसत होत्या त्या म्हणजे डेटाचा प्रामाणिकपणा होता. 'मला एवढंच ठाऊक आहे' असं तो सांगत होता. तुम्ही त्या घासून गुळगुळीत रेषा केली आणि तिला व्हेक्टरचा धारदारपणा दिला. आता कितीही झूम करा, ती तशीच ठाम दिसणार. फाटलेलं, धूसर चित्र बघून माणूस निदान सावध तरी होतो. ही रेषा बघून तो अंगणात उभं राहून म्हणेल, "माझं घर रेषेच्या बाहेर आहे," आणि जनावरं सोडवायला उशीर करेल.

मी हे घाबरवायला लिहीत नाही. तुमचा हेतू इतका चांगला आहे, आणि गावातल्या पोराने केलंय म्हणून लोक त्याच्यावर इतका भरवसा ठेवतील, की ही एक गोष्ट सुधारल्याशिवाय अ‍ॅप बाहेर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण अशी की बंधाऱ्यावरचे फूट आणि तुमच्या गल्लीची उंची यांची थेट वजाबाकी होत नाही. पुरात नदीचा पृष्ठभाग हौदासारखा सपाट नसतो, त्याला वरून खाली उतार असतो. प्रयाग चिखली बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, शिरोळकडची गावं खालच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी असली तरी त्या क्षणी या दोन ठिकाणी पाणी समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवर नसतं. खाली कृष्णेला फुगवटा असेल तर हिशोब आणखी बदलतो.

मग हद्द कशावरून ठरवायची? माणसांवरून. गावात २०१९ आणि २०२१ च्या खुणा भिंतींवर आहेत, आणि त्याहून पक्क्या लोकांच्या डोक्यात. घरोघरी जाऊन विचारा: तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट सांगत होते? काही जण बरोबर सांगतील, काही अंदाजे, काही चुकीचं. एका गल्लीतल्या पाच जणांचं जुळलं की आकडा धरण्याजोगा. प्रत्येक घराच्या नोंदीत 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन आकडे ठेवा, म्हणजे ४५ ते ४६, आणि ते कुणी, कुठल्या पुरावरून सांगितलं तेही. नकाशावर मग घरं रंगवा, पाणी रंगवू नका. नक्की बुडणारं घर गडद निळं, शक्यता असलेलं फिकट, आणि जिथलं काहीच कळलेलं नाही तिथे तिरप्या रेघा मारून 'माहिती नाही' असं स्पष्ट लिहा. सहा हजार आकारांचं काय करायचं हा प्रश्नही यात सोपा होतो, कारण त्यातली राहती घरं बरीच कमी असतील.

उंचीचा डेटा टाकून देऊ नका. शिवारात, जिथे विचारायला कुणी नाही, तिथे तो अंदाजाला कामाचा आहे. पण तिथे तो ठिपक्यांच्याच रूपात, पायऱ्यांसकट, फिकट रंगात दाखवा. रास्टर जिथे रास्टर म्हणून जन्मलं तिथे त्याला तसंच राहू द्यावं. उपग्रहाच्या चित्राचंही तेच. पुरात ढगांमुळे साधं उपग्रहचित्र मिळत नाही. सेंटिनेल-१ हा युरोपीय उपग्रह रडारने बघतो, त्याला ढगांची अडचण नाही, आणि त्याची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटरचा. उसाच्या पट्ट्यात आणि नदीकाठच्या मोकळ्या रानात पाणी कुठवर गेलं हे त्यात चांगलं कळतं, घरांच्या दाटीत नाही. त्या चित्रावरून व्हेक्टर हद्द 'ट्रेस' करायचा मोह होईल. ती हद्द तुमच्या आधीच्या रेषेसारखीच खोटी ठाम होईल, तेव्हा चित्र चित्र म्हणूनच खाली अंथरा.

पायाभूत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेत असाल तर एक नियम लक्षात ठेवा: त्यांच्या सर्व्हरवरून टाइल मोठ्या प्रमाणात आधी उतरवून साठवायला परवानगी नाही. तो सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. पण पुरात नेटवर्क जाणार, म्हणजे ऑफलाइन तर हवंच. तेव्हा नदी, मुख्य रस्ते, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी एवढ्या खुणा त्यांच्या डेटातून घेऊन, श्रेय देऊन, तुमच्याच व्हेक्टर फाइलमध्ये ठेवा. गावच्या माणसाला स्वतःचं घर शोधायला एवढ्या खुणा पुरतात. सगळी फाइल सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) फोनमध्ये साठवली की नेटवर्क नसतानाही नकाशा उघडेल.

मराठी अक्षरांकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल, कारण आपली गाडी अडते ती तिथेच. 'प्रयाग चिखली' हे दोन शब्द घ्या. नीट जुळणी न करणाऱ्या प्रणालीत 'प्र' फुटून पाय मोडलेला 'प' आणि सुटा 'र' दिसतो, आणि 'चि' मधली वेलांटी 'च' च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन पडते. पायथनच्या पिलो लायब्ररीने चित्रावर मराठी लिहिलंत आणि तिच्यासोबत 'राक्म' (अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी) बसवलेलं नसेल तर नेमकं हेच होतं. सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसेल तर नुसते चौकोन. पुढे कधी व्हेक्टर टाइल आणि मॅपलिब्रेकडे वळावंसं वाटेल. तसल्या लायब्रऱ्या अक्षरं ब्राउझरकडून न घेता एकेका अक्षरचिन्हाची स्वतः जुळणी करत आल्या आहेत आणि देवनागरीत त्यांचा हा दोष जुना आहे. तुमच्या आवृत्तीत 'ल्ह', 'त्र', 'र्डे' लिहून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. सध्या लीफलेटमध्येच नावं एचटीएमएल लेबल म्हणून ठेवा. त्यात जुळणी ब्राउझर करतो आणि ती बरोबर असते. व्हॉट्सअ‍ॅपचं चित्रही सर्व्हरवर पडदा न उघडता चालणाऱ्या क्रोमियमने काढा, नोटो सान्स देवनागरी फाँट बसवून. मराठी चित्र काढायला यापेक्षा भरवशाची वाट मला माहीत नाही.

फ्लेक्सबद्दल तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा जास्त जाणतो, त्याचं ऐका. फक्त त्याला अ‍ॅपचा स्क्रीनशॉट देऊ नका. फोनचा स्क्रीनशॉट १,०८० पिक्सेल रुंद. दहा फूट म्हणजे १२० इंच. इंचाला नऊ ठिपके आले. गल्लीचं नाव वाचायला लोक फ्लेक्सला नाक लावतील. इंचाला १०० ठिपके धरले तर १२,००० बाय ७,२००, म्हणजे ८ कोटी ६४ लाख पिक्सेल हवेत, आणि उघडल्यावर ते भावाच्या कॉम्प्युटरमध्ये साडेतीनशे एमबीच्या घरात जागा खातील. त्यापेक्षा क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमधून पीडीएफ काढा. रेषा रेषाच राहतात, फाइल लहान आणि छपाई स्वच्छ. थरांवर ब्लेंड मोड (रंग एकमेकांत मिसळायची सोय) लावू नका, लावलात तर तो भाग पीडीएफमध्ये गुपचूप चित्र होऊन बसतो. मजकूर आकारांच्या रूपात निर्यात करायचा पर्याय तिथेच आहे, तो घ्या. तुमचा भाऊ सगळ्या गिऱ्हाइकांना "फाँट कर्व्ह करून पाठवा" म्हणून सांगत असेल, ते याचसाठी: कोरलड्रॉमध्ये उघडल्यावर त्याच्याकडे तो फाँट नसेल तर मराठीचा चुराडा होतो. कर्व्ह केलेला मजकूर मात्र पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रकल्पाची फाइल वेगळी जपून ठेवा. फ्लेक्सवर सगळ्या बारा पातळ्या कोंबू नका. ३९, ४३ आणि २०१९ चा पूर, एवढे तीनच रंग. दुरून वाचता आलं पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्राला दुय्यम समजू नका. पुराच्या रात्री तुमचं अ‍ॅप जितके जण उघडतील त्याहून कितीतरी जास्त जण ते चित्र बघतील. इथे भावाचा सल्ला जसाच्या तसा लागू पडतो. एका पातळीचं एक चित्र, १,०८० पिक्सेल रुंद, आधीच तयार. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून गेलेलं चित्र पुन्हा दाबून जेपीजी करतो, आणि जेपीजी ८ बाय ८ च्या चौकोनांत काम करत असल्यामुळे बारीक रेषा आणि अक्षरांच्या भोवती मळ जमतो. म्हणून या चित्रात बारीक काही ठेवूच नका. गल्ल्यांची नावं ठसठशीत, रेषा जाड, रंग चार. आणि चित्राच्या आतच, वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत तारीख, वेळ आणि बंधाऱ्यावरची पातळी लिहा. अ‍ॅपमधला नकाशा बदलतो. फॉरवर्ड झालेलं चित्र बदलत नाही, ते दोन दिवसांनी, कधी दोन वर्षांनीसुद्धा कुणाच्या तरी गटात पुन्हा उगवतं. खाली एक ओळ असू द्या: 'ताज्या स्थितीसाठी प्रशासनाची सूचना पाहा.' तारीख नसलेलं एकही चित्र तुमच्या हातून बाहेर जाऊ नये, ही अट सहकाऱ्याला आणि भावालाही घाला.

कामाचा क्रम विचाराल तर कॅनव्हास आणि दशांश हे एका बैठकीचं काम आहे, ते आधी उरका म्हणजे हुरूप येईल. त्यानंतरचा सगळा वेळ घरोघरी विचारण्यात घाला. तो भाग सगळ्यात जास्त वेळ खाईल आणि त्याला पर्याय नाही. फ्लेक्स शेवटी, कारण एकदा छापला की दुरुस्ती नाही. छापण्याआधी त्याच पीडीएफच्या ए-३ प्रती काढून ग्रामपंचायतीत, तालमीत आणि दूध संस्थेत ठेवा, बाजूला लाल पेन ठेवा. सकाळी दूध घालायला येणारी माणसं दोन-चार दिवसांत एवढ्या चुका काढतील की तुम्हाला धन्य वाटेल. त्या दुरुस्त्या थेट नोंदींत भरा, आणि मगच भावाला फाइल पाठवा.

— तुमची ताई